काळ्या शर्टांची सेना: स्क्वाद्रापासून मिलिशियापर्यंत

प्रश्न असा आहे की, इटलीतील फॅसिस्ट पक्षाचे काळे शर्टवाले हे पक्षाने पोसलेले गुंड होते की सरकारी दल; १९२२ मध्ये त्यांनी सत्ता खरोखर बळाने घेतली का; आणि एवढी सेना हाताशी असताना १९४३ मध्ये मुसोलिनीला अटक झाली तेव्हा ती जागची का हलली नाही. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे उत्तर सलग देतो. अनेक वर्षे हा विषय शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या संघटनेचे खरे बळ तिच्या हत्यारांत कधीच नव्हते. पोलीस ठाणी, न्यायालये, लष्करी छावण्या आणि शेवटी राजवाडा यांनी तिच्याबाबत केलेली डोळेझाक हेच तिचे भांडवल होते. पुढे जे घडले त्याची संगती या एका गोष्टीवरून बरीचशी लागते.

२३ मार्च १९१९ रोजी मिलान शहरातील सान सेपोल्क्रो चौकात मुसोलिनीने आपली संघटना स्थापन केली, तेव्हा तिला पक्ष म्हणावे असे काही नव्हते. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक, भविष्यवादी कवी-चित्रकार आणि युद्धाच्या बाजूने उभे राहिलेले जुने समाजवादी असा तो मेळा होता. यांतील सर्वांत महत्त्वाचा गट ‘आर्दिती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हल्लेखोर पलटणींतील जवानांचा होता. काळा शर्ट, कमरेला खंजीर, ‘जोव्हिनेत्झा’ हे गाणे आणि ‘मला त्याची पर्वा नाही’ अशा अर्थाची घोषणा हे सगळे मूळचे आर्दितींचे. फॅसिस्टांनी ते जसेच्या तसे उचलले. बाल्कनीतून जमावाला प्रश्न विचारून एका सुरात उत्तर घेण्याची पद्धत कवी दानुन्झिओने १९१९-२० मध्ये फ्युमे शहराचा ताबा घेतला तेव्हा रूढ केली. तीही अशीच उसनी घेतली गेली. १५ एप्रिल १९१९ रोजी, म्हणजे स्थापनेला महिनाही झालेला नसताना, या मंडळींनी मिलानमधील ‘अवांती’ या समाजवादी दैनिकाची कचेरी जाळली. मुसोलिनी एकेकाळी याच दैनिकाचा संपादक होता. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील निवडणुकीत मिलानमध्ये फॅसिस्टांच्या यादीला पाच हजार मतेदेखील पडली नाहीत. प्रकरण तिथेच संपले असते, तर आज या विषयावर कोणी प्रश्न विचारला नसता.

ते संपले नाही, याचे कारण शहरात नसून पो नदीच्या खोऱ्यातील शेतीत आहे, आणि या भागावर मी थोडा अधिक वेळ घालवणार आहे, कारण सर्वसाधारण पुस्तकांत तो दोन ओळींत उरकलेला असतो. फेर्रारा, बोलोन्या, रोव्हिगो, क्रेमोना या प्रांतांत रोजंदारीवर जगणाऱ्या शेतमजुरांची संख्या प्रचंड होती आणि हिवाळ्यात त्यांच्या हाताला काम नसे. समाजवाद्यांच्या मजूर संघांनी कामगार भरती स्वतःच्या कचेऱ्यांमार्फतच व्हावी असा नियम बसवला. जमीनमालकाने एकराच्या हिशेबाने किती माणसे कामावर ठेवायची, हेही संघच ठरवू लागले. जो मालक हे मानणार नाही त्याच्यावर बहिष्कार, आणि जो मजूर संघाबाहेर राहून काम करील त्याच्यावरही बहिष्कार. बड्या जमीनदारांना हा जाच वाटला यात नवल नाही. परंतु वीस-तीस एकरांचा खंडकरी, नुकताच चार पैसे गाठीला बांधून जमिनीचा तुकडा घेतलेला कुटुंबप्रमुख, दुकानदार, गावचा डॉक्टर किंवा शिक्षक यांनाही संघाची सत्ता डोईजड वाटू लागली होती. १९२० च्या शरद ऋतूत कारखान्यांवर कामगारांनी ताबा मिळवला आणि स्थानिक निवडणुकांत समाजवादी बहुमताने आले, तेव्हा या सर्वांच्या भीतीला एकच तोंड फुटले.

ठिणगी पडली ती २१ नोव्हेंबर १९२० रोजी बोलोन्यात. समाजवादी महापौराच्या शपथविधीच्या वेळी नगरपालिकेच्या ‘पालात्सो द’आक्कुर्सिओ’ या इमारतीबाहेर फॅसिस्ट चालून आले, गोळीबार झाला, आतील समाजवादी रक्षकांनी घाबरून आपल्याच लोकांच्या गर्दीत हातबॉम्ब टाकले आणि दहा माणसे मेली. सभागृहात जुलिओ जोर्दानी हा विरोधी नगरसेवकही मारला गेला. मेलेल्यांत बहुतेक समाजवादीच होते. पण वृत्तपत्रांनी हुतात्मा ठरवला तो जोर्दानी. त्यानंतरच्या काही महिन्यांत स्क्वाद्रा, म्हणजे सशस्त्र टोळ्या, गावोगाव उभ्या राहिल्या. त्यांचे पैसे जमीनदार संघांकडून येत, ट्रक अनेकदा लष्कराच्या आवारातून येत आणि नेतृत्व सैन्यातून सुटलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांकडे व विद्यार्थ्यांकडे असे. संघटनेचे सभासद १९२० च्या अखेरीस सुमारे वीस हजार होते. वर्षभरात ते दोन लाखांच्या वर गेले.

छाप्याची पद्धत ठरलेली होती. रात्री शेजारच्या तीन-चार गावांतील तरुण एकत्र यायचे, म्हणजे ओळखले जाण्याची भीती कमी. ट्रकमधून उतरायचे, मजूर संघाच्या कचेरीचे दार फोडायचे, भरतीच्या वह्या आणि सभासदांच्या याद्या रस्त्यावर आणून पेटवायच्या, मग संघाच्या चिटणीसाच्या घरी जायचे. त्याला दंडुक्यांनी बडवायचे किंवा नरड्यात एरंडेलाची बाटली रिकामी करायची. एरंडेलाचा उल्लेख वाचून आपल्याकडे अनेकांना हसू येते. पाजणाऱ्यांचा हेतूही तोच होता. जिवे मारलेल्या माणसाचा हुतात्मा होतो, पण भर चौकात कपडे घाण झालेल्या पुढाऱ्याला दुसऱ्या दिवशी सभेत उभे राहता येत नाही. अर्थात त्या तेलाच्या अतिरेकाने माणसे मेलीही. १९२१ च्या पहिल्या सहामाहीत अशा छाप्यांत उद्ध्वस्त झालेल्या जागांची जी मोजदाद उपलब्ध आहे तीत ११९ कामगार भवने, १०७ सहकारी संस्था, ८३ शेतमजूर संघ, १७ वृत्तपत्र कचेऱ्या व छापखाने आणि इतर मिळून ७२६ ठिकाणे आहेत. जाळलेल्या वस्तूंत भरतीच्या वह्या प्रथम असत, ही बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. वही गेली की संघाचा मजुरीवरील ताबा गेला. दुसऱ्या दिवशी त्याच गावात फॅसिस्ट संघ उघडत असे आणि काम हवे असणाऱ्या मजुराला तिथेच नाव नोंदवावे लागे.

या टोळ्यांच्या स्थानिक म्होरक्यांना इथिओपियातील सरदारांच्या पदवीवरून ‘रास’ म्हणत. फेर्राराचा इतालो बाल्बो, क्रेमोनाचा रोबेर्तो फारिनाच्ची, बोलोन्याचे दिनो ग्रान्दी आणि लेआंद्रो आर्पिनाती, कार्राराचा रेनातो रिच्ची हे त्यांतील ठळक. मिलानमध्ये बसलेल्या मुसोलिनीला हे लोक नेता मानत, पण मालक मानत नसत. ३ ऑगस्ट १९२१ रोजी त्याने समाजवाद्यांशी शांतता करार केला, तेव्हा रास मंडळी उघड उलटली आणि मुसोलिनीला कार्यकारिणीचा राजीनामा देण्याचे नाटक करावे लागले. नोव्हेंबरात रोममध्ये ‘राष्ट्रीय फॅसिस्ट पक्ष’ स्थापन झाला तो या तडजोडीवर की, करार बुडवावा आणि रास मंडळींनी मुसोलिनीचे नेतृत्व मान्य करावे. पुढच्याच महिन्यात सरकार सशस्त्र संघटनांवर बंदी घालण्याच्या बेतात आहे असे दिसताच पक्षाने जाहीर केले की, पक्षाच्या शाखा आणि स्क्वाद्रा हे एकच आहेत. म्हणजे टोळ्यांवर बंदी घालायची तर संसदेत ३५ जागा मिळवलेल्या पक्षावरच घालावी लागणार. कायद्याच्या दृष्टीने ही चाल बिनतोड होती, आणि तिच्यामुळे ‘पक्षाची निमलष्करी शाखा’ हे वर्णन त्या काळापुरते उलटे लावावे लागते: आधी टोळ्या होत्या, पक्ष त्यांच्यावर बसवला गेला.

सरकारने मनात आणले असते तर काय झाले असते, याचे उत्तर सार्झाना या लहानशा गावाने दिले आहे. २१ जुलै १९२१ रोजी सुमारे पाचशे फॅसिस्ट तुरुंगात असलेल्या रिच्चीला सोडवण्यासाठी तिथल्या रेल्वे स्थानकावर उतरले. त्यांच्यासमोर कॅप्टन जुर्गेन्सच्या हाताखाली मूठभर काराबिनिएरी, म्हणजे सशस्त्र पोलीस, उभे होते. नेहमीप्रमाणे पोलीस बाजूला होतील अशी फॅसिस्टांची अपेक्षा होती. तसे न होता गोळीबार झाला आणि पाचशेंची ती फौज रानोमाळ पळत सुटली. पळणाऱ्यांतील काहींना गावकऱ्यांनी गाठून ठार केले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पार्मा शहरात बाल्बो हजारोंच्या संख्येने चालून गेला, तेव्हा ग्विदो पिचेल्लीच्या नेतृत्वाखाली कामगार वस्तीने अडथळे उभारून त्याला काही दिवस रोखले आणि त्याला हात हलवत परतावे लागले. असे प्रसंग मोजकेच आहेत. बाकी ठिकाणी काय घडत होते ते खुद्द बाल्बोच्या दैनंदिनीतून कळते. जुलै १९२२ च्या शेवटी त्याने राव्हेन्नाच्या पोलीस प्रमुखाकडून ट्रक मागून घेतले. सबब अशी की, चिडलेल्या आपल्या माणसांना शहराबाहेर नेतो. मग त्याच ट्रकांतून रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी राव्हेन्ना व फोर्ली प्रांतांतील गावांमधून समाजवादी आणि कम्युनिस्ट कचेऱ्या जाळत त्याचा ताफा फिरला. आगीच्या उंच खांबांनी आपली वाट आखली गेली, असे तो अभिमानाने लिहितो. ट्रक सरकारी होते, हेही तो लपवत नाही.

सत्ता मिळवण्यासाठी फॅसिस्टांनी राजधानी रोमवर केलेल्या चालीकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. २८ ऑक्टोबर १९२२ रोजी मोंतेरोतोंदो, सांता मारिनेल्ला आणि तिव्होली येथे जमलेले फॅसिस्ट संख्येने वीस हजारांच्याही आत होते. पाऊस लागला होता, अन्न अपुरे होते आणि अनेकांच्या हातात दंडुक्यांपलीकडे काही नव्हते. रोमच्या संरक्षणासाठी जनरल पुल्येझेच्या हाताखाली सुमारे अठ्ठावीस हजार सैनिक सज्ज होते आणि पहाटे रेल्वेमार्ग रोखलेही गेले होते. पंतप्रधान फाक्ताने लष्करी कायदा पुकारणारा हुकूम तयार केला; राजा तिसरा व्हित्तोरिओ इमानुएले याने त्यावर सही केली नाही. त्याने ती का केली नाही यावर बरेच लिहिले गेले आहे. लष्कर ऐनवेळी गोळी घालणार नाही अशी शंका, चुलतभाऊ ड्यूक द’आओस्ता सिंहासनावर डोळा ठेवून आहे ही भीती आणि समाजवाद्यांपेक्षा हे बरे ही धारणा, या तिन्हींचा त्यात वाटा असावा असे मला वाटते. मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या गाडीच्या शयनयानातून निघून ३० तारखेला रोमला पोहोचला आणि पंतप्रधान झाला. काळ्या शर्टवाल्यांना शहरात संचलनासाठी आणले ते त्यानंतर, ३१ तारखेला. सत्ता बळाने घेतली का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, गावोगावची सत्ता त्यांनी दोन वर्षांत बळाने घेतली होती. रोममधली त्यांना देण्यात आली.

सत्ता मिळाल्यावर या माणसांचे करायचे काय, ही मुसोलिनीपुढची पहिली अडचण होती. डिसेंबर १९२२ मध्ये तोरिनोत पिएरो ब्रांदिमार्तेच्या टोळ्यांनी तीन दिवस कामगारांना शोधून शोधून मारले; मृतांचा अधिकृत आकडा अकराचा आहे. आता अशा बातम्यांची जबाबदारी पंतप्रधानावर येत होती. म्हणून १४ जानेवारी १९२३ च्या हुकुमाने ‘राष्ट्रीय सुरक्षेसाठी स्वयंसेवी मिलिशिया’ स्थापन झाली आणि १ फेब्रुवारीपासून स्क्वाद्रा तीत विलीन करण्यात आल्या. सैन्य, पोलीस आणि काराबिनिएरी असताना ही चौथी फौज सरकारी तिजोरीतून पोसली जाऊ लागली, आणि तिची शपथ राजाच्या नावाने नव्हती. रचना प्राचीन रोमच्या नावांनी नटलेली होती: लीजन, कोहोर्ट, सेंच्युरी, मॅनिपल; कर्नलच्या जागी ‘कॉन्सोले’ आणि कॅप्टनच्या जागी ‘चेंतुरिओने’. पहिला सरसेनापती एमिलिओ दे बोनो हाच देशाचा पोलीस प्रमुखही होता. हुकुमाचा एक उद्देश विरोधकांना धाक दाखवणे हा होता, हे सर्व जण सांगतात. रास मंडळींच्या खाजगी टोळ्या काढून घेऊन त्यांना पगार, हुद्दा आणि वरिष्ठ यांच्या साखळीत बांधणे हा दुसरा उद्देश मला तितकाच महत्त्वाचा वाटतो.

हा लगाम लगेच बसला नाही. १० जून १९२४ रोजी समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती याचे अपहरण करून खून करणारा आमेरिगो दुमिनी हा सार्झानाला गेलेला जुना स्क्वाद्रावालाच होता. प्रेत १६ ऑगस्टला रोमबाहेरच्या रानात सापडले, दे बोनोला पद सोडावे लागले आणि लष्कराला खूश ठेवण्यासाठी मिलिशियाला राजाची शपथ घेणे भाग पडले. मुसोलिनी डगमगत असताना ३१ डिसेंबर रोजी मिलिशियाचे तीसेक कॉन्सोले नववर्षाच्या शुभेच्छांचे निमित्त करून त्याच्या कचेरीत घुसले आणि त्यांनी सरळ सुनावले की, एकतर विरोधकांचा निकाल लाव, नाहीतर आम्ही लावतो. तीन दिवसांनी, ३ जानेवारी १९२५ रोजी, मुसोलिनीने संसदेत सर्व जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली आणि हुकूमशाहीला सुरुवात झाली. निमलष्करी दलाने आपल्याच नेत्याला धमकावून पुढे ढकलल्याचा हा प्रसंग आहे, आणि मुसोलिनी तो विसरला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लॉरेन्समध्ये झालेल्या हत्याकांडानंतर त्याने उरल्यासुरल्या टोळ्या मोडून काढल्या, आणि पक्षाचा चिटणीस झालेल्या फारिनाच्चीला मार्च १९२६ मध्ये घरी बसवले.

नंतरची दहा वर्षे मिलिशिया हे एक अवाढव्य सरकारी खाते होते. रेल्वे, बंदरे, जंगले, रस्ते, टपाल-तार आणि सरहद्द यांसाठी तिच्या वेगवेगळ्या शाखा निघाल्या. बहुतेक सभासद नोकरी-धंदा सांभाळून कवायतीला येत. तिचे दात मात्र पुरते काढले गेले नव्हते: १९२६ मध्ये स्थापन झालेल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश म्हणून मिलिशियाचे कॉन्सोले बसत, आणि कम्युनिस्ट नेता ग्राम्शी याला १९२८ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली ती याच न्यायालयात. मुलांच्या ‘बालिल्ला’ संघटनेत कवायत शिकवायलाही मिलिशियाचे अधिकारी असत. महाराष्ट्रातील वाचक इथे बहुधा हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे यांच्याविषयी विचारतात. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोममध्ये मुसोलिनीला भेटले, त्यांनी बालिल्ला आणि लष्करी शिक्षणसंस्था पाहिल्या, त्यांची प्रशंसा दैनंदिनीत लिहून ठेवली, आणि पुढे १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. त्यांनी पाहिली ती ही स्थिरावलेली, शिस्तीची, पाहुण्यांना दाखवण्याजोगी बाजू होती. दहा वर्षांपूर्वीच्या पो खोऱ्यातील रात्री त्यांना कोणी दाखवणार नव्हते.

१९३५ मध्ये इथिओपियावर स्वारी झाली तेव्हा मिलिशियाच्या डिव्हिजन प्रथमच मोठ्या युद्धात उतरल्या. त्यांची नावे पाहण्यासारखी आहेत: ‘२३ मार्च’ म्हणजे स्थापना, ‘२८ ऑक्टोबर’ म्हणजे रोमवरील चाल, ‘३ जानेवारी’ म्हणजे ते भाषण, ‘१ फेब्रुवारी’ म्हणजे मिलिशियाचा आरंभ. पक्षाचा इतिहासच रणांगणावर फिरवला जात होता. फेब्रुवारी १९३७ मध्ये आदिस अबाबात व्हाइसरॉय ग्रात्सियानीवर हातबॉम्ब फेकले गेले, त्यानंतर तीन दिवस काळे शर्टवाले आणि इटालियन वसाहतकरी यांनी शहरातील झोपड्या जाळत लोकांची कत्तल केली. मृतांचे अंदाज काही हजारांपासून तीस हजारांपर्यंत आहेत. १९२१ मधले तंत्रच, म्हणजे रात्रीची आग आणि वरिष्ठांची मोकळीक, इथे कोणताही आडपडदा न ठेवता वापरले गेले. शस्त्रसज्ज शत्रूपुढे मात्र या दलाची कामगिरी बेताची होती. मार्च १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातील ग्वादालाहाराच्या लढाईत मिलिशियाच्या डिव्हिजनांचा पराभव झाला, आणि समोरच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये, म्हणजे परदेशी स्वयंसेवकांच्या फौजेत, गारिबाल्दीच्या नावाने लढणारे निर्वासित इटालियनही होते. दुसऱ्या महायुद्धात मिलिशियाच्या पलटणी लष्कराच्या डिव्हिजनांना जोडल्या गेल्या आणि ग्रीस, रशिया व उत्तर आफ्रिका येथे झिजत गेल्या.

आता तिसरा प्रश्न. २५ जुलै १९४३ च्या पहाटे फॅसिस्ट महापरिषदेने, म्हणजे राजवटीच्या सर्वोच्च मंडळाने, मुसोलिनीविरुद्ध १९ विरुद्ध ७ असा ठराव केला. एक जण तटस्थ राहिला. ठराव मांडला तो बोलोन्याचा जुना रास ग्रान्दीने, आणि रोमवरील चालीच्या चार सेनानींपैकी जिवंत असलेले दोघे, दे बोनो आणि दे व्हेक्की, ठरावाच्या बाजूने होते. बाल्बो तीन वर्षांपूर्वीच तोब्रुकवर आपल्याच तोफांच्या माऱ्यात विमान पडून मेला होता. मिलिशियाचा प्रमुख एन्त्सो गाल्बिआती याने बैठकीत ठरावाला विरोध करत आपल्या दलाची धमकी दिली होती. त्याच दिवशी संध्याकाळी राजाच्या निवासस्थानातून मुसोलिनीला रुग्णवाहिकेत बसवून नेले आणि मिलिशियाच्या मुख्यालयाभोवती सैन्य उभे राहिले, तेव्हा गाल्बिआतीने काहीही केले नाही. रोमजवळ जर्मन रणगाड्यांनी सज्ज अशी मिलिशियाची ‘एम’ डिव्हिजन होती. तीही हलली नाही. काही दिवसांतच तिचे नाव बदलून ती लष्करात घेतली गेली.

याचे भित्रेपणा हे कारण मला अपुरे वाटते. दलातील धडाडीचे लोक परदेशात मेले किंवा कैदेत गेले होते. मायदेशी उरले होते ते वयस्कर आणि पगारी. वीस वर्षे त्यांना वरून हुकूम आल्यावरच हलण्याची सवय लावली होती, आणि हुकूम देणाराच अटकेत होता. इतकेच नव्हे, त्याने नवा पंतप्रधान बादोल्योला सहकार्याचे आश्वासन देणारे पत्रही लिहिले होते. शिवाय १९२२ मध्ये जो राजा, जे लष्कर आणि जे पोलीस बाजूला सरले होते, तेच या वेळी समोर उभे होते. सार्झानाच्या स्थानकावर जे दिसले होते तेच पुन्हा दिसले, फक्त पळापळ झाली नाही.

सप्टेंबरमध्ये जर्मनांनी मुसोलिनीला सोडवले आणि त्यांच्या छत्राखाली उत्तर इटलीत त्याचे सरकार पुन्हा उभे राहिले. तिथे रिच्चीच्या हाताखाली मिलिशियाच्या जागी ‘राष्ट्रीय प्रजासत्ताक रक्षक दल’ आले आणि जून १९४४ मध्ये पक्षाचा चिटणीस पाव्होलिनी याने पक्षाच्या सर्व सभासदांना ‘काळ्या ब्रिगेड’मध्ये भरती केले. पक्ष म्हणजेच सशस्त्र टोळी, ही १९२१ ची घोषणा अशी परत आली. या ब्रिगेडींनी प्रतिकार करणारी गावे जाळली आणि ओलिसांना मारले. जाता जाता एक नोंद: एप्रिल १९४५ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधव यांनी ज्या सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती राव्हेन्ना प्रांतातच आहे, बाल्बोचा जळता ताफा फिरला तो हाच मुलूख. फारिनाच्ची, पाव्होलिनी आणि आर्पिनाती तिघेही त्या एप्रिलमध्येच मारले गेले. अनेक सामान्य स्क्वाद्रावाले मात्र जून १९४६ च्या माफीमुळे सुटले. १९४८ पासून अमलात असलेल्या इटलीच्या संविधानाचे अठरावे कलम नागरिकांना संघटना काढण्याचे स्वातंत्र्य देते, आणि त्याच कलमात गुप्त संघटनांबरोबर लष्करी स्वरूपाच्या रचनेतून अप्रत्यक्षपणेही राजकीय हेतू साधणाऱ्या संघटनांना मनाई आहे.